अवसर आहे, येऊन जा

सेतुमाधव सर मराठी बोलायला लागले की मला हसू यायचं. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगताना मी साळसूदपणाचा आव आणते आहे असं कुणी म्हणायला नको.

मी साताऱ्याची. नवरा, अरुण, सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही चेन्नईला आलो, आणि शोळिंगनल्लूरच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला इंग्रजी विभागात नोकरी मिळाली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘कॉलेज रायटिंग’ शिकवायचं, म्हणजे ज्यांना लिहायचंच नाही त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये बारीक चणीचे, साठीतले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. म्हणाले, ‘‘साताऱ्याहून आलीस म्हणून ऐकलें. आमचे लोक तिकडूनच आले. साडेतीनशें वर्षें झालीं, परत जायला अजून जमलें नाहीं.’’

चेहरा इतका गंभीर की हा विनोद आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. हे सेतुमाधव सर, तंजावरचे मराठी. घरात मराठी, दारात तमिळ, वर्गात इंग्रजी आणि देवापुढे संस्कृत, असा त्यांचा कारभार. त्यांच्या मराठीत जुन्या पोथीतले शब्द आणि तमिळ शब्द एकाच पंगतीला बसलेले असत, आणि वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर जाई. मी मराठीच्या मास्तरांची मुलगी. आमच्या घरी ऱ्हस्वदीर्घावरून वाद होऊन आमटी निवत असे. त्यामुळे सर बोलले की मी ओठ दाबून ऐकायची आणि घरी जाऊन अरुणला नक्कल करून दाखवायची.

एकदा ते दोन दिवस दिसले नाहीत. कुठे होतात, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘कल्याणास गेलों होतों.’’

‘‘इतक्या लांब? आणि दोन दिवसांत परत?’’

‘‘लांब कसाला? इथेंच, मांबलमांत. माझ्या आतेभावाच्या नातीचें कल्याण.’’

कल्याण म्हणजे तमिळमध्ये लग्न. त्या दिवशी आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. मला स्वतःलाच ठेच लागली होती, तरी मी शहाणी झाले नाही.

सरांचा अभ्यासाचा विषय ऐकला की लोक जांभया देत: बोलून समोरच्याला पटवण्याच्या परंपरा. तंजावरचे कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत कसा मांडत आणि उत्तररंगात गोष्ट सांगून तो गळी कसा उतरवत. तमिळ वादसभांमध्ये दोन्ही बाजूंचं ऐकून शेवटी निकाल देणारा माणूस हरलेल्यांची समजूत कशी काढतो. न्यायशास्त्रात पूर्वपक्ष कसा लिहितात. ग्रीकांनी काय केलं. तीस वर्षांच्या वह्या होत्या. डॉक्टरेट मात्र केली नाही. का, असं विचारलं की म्हणत, ‘‘अजून ऐकून व्हायचें आहे.’’ घाई हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. बससुद्धा ते धावत पकडत नसत. पुढची येते, म्हणत.

पण वर्गात हा माणूस जांभई देऊ द्यायचा नाही. पहिल्या सत्रात एका शनिवारी पोरांना बसनं कोवलमला न्यायचे, होड्या लागतात तिथे. मासे विकणाऱ्या बाया गिऱ्हाइकाला कसं पटवतात ते ऐकायचं आणि तीनशे शब्दांत लिहायचं. स्वतः सर कांदालसूणही न खाणारे. नाकाला रुमाल लावून, धोतर वर धरून वाळूत उभे राहायचे. नंतर विचारायचे, मासा ताजा आहे असं त्या बाईनं किती वेळा म्हटलं? एकदाही नाही. तिनं कल्ला उचलून लाल रंग दाखवला आणि गप्प बसली. ‘‘आधी पुरावा दाखवा. विशेषण मग पाहूं.’’ हे इंग्रजीत सांगायचे, पण मला शेजारी पाहिलं की शेवट हटकून मराठीत व्हायचा.

पोरांनी त्यांना नाव ठेवलं होतं ‘अप्पडिन्ना सर’. अप्पडिन्ना म्हणजे तमिळमध्ये ‘म्हणजे काय?’ सर कुणाच्याही लिखाणातला शब्द खोडत नसत. समासात पेन्सिलीनं फक्त तेवढंच लिहीत: अप्पडिन्ना? मुलानं येऊन सांगायचं की म्हणजे काय. मी लाल पेनाची माणूस. शरण्या नावाच्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं की आमचं घर फार ‘इंटीरियर’ आहे. मी खोडून ‘रिमोट’ केलं. सरांनी तिला बोलावून विचारलं, अप्पडिन्ना? ती म्हणाली, बस शाळेपाशीच वळते, पुढे चार किलोमीटर चालायचं, म्हणून आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला आई जेवल्याशिवाय सोडत नाही. सर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज जरा कोरडा होता. ‘‘ऋजुताम्मा, शब्द तिचा आहे. तुला नाहीं कळला तर विचार. बदलूं नको.’’ मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, अशानं पोरांचं इंग्रजी कधी सुधारायचं?

त्यांच्या घरचं मला कळलं ते वर्षभरानंतर. पत्नी कनका मुलगी कॉलेजात असतानाच वारल्या. मुलगी वाणी एकुलती एक, नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथल्याच गंधार नावाच्या मुलाशी लग्न ठरलं. सर खुशीत होते. आपले लोक ज्या मुलखातून निघाले तिथे मुलगी परत चालली, तीही मराठी घरात. लग्नात जेवणानंतर वधूपित्यानं दोन शब्द बोलायचे होते. सरांनी महिनाभर तयारी केली, अगदी पूर्वरंगापासून.

हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. एका मुलानं भाषणात श्रोत्यांचा अंदाज चुकवला, त्यावर बोलताना उदाहरण म्हणून सांगितलं. पुण्याच्या त्या हॉलमध्ये ते म्हणाले होते, ‘‘तुम्ही आम्हांस फार उपचार केलात.’’ तमिळमध्ये उपचार म्हणजे पाहुणचार, सरबराई. तंजावरच्या मराठीतही तेच. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘‘का, काय झालं होतं यांना?’’ हॉल खदखदला. पुढच्या दोन वाक्यांवरही हसले, आता कारण नसताना. तेव्हा वाणी शालू सावरत स्टेजवर आली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, ‘‘अप्पा, प्लीज. इंग्लिशमध्ये बोला.’’ माईक चालू होता.

सर इंग्रजीत बोलले. इंग्रजी त्यांचं सोन्यासारखं. टाळ्या पडल्या.

‘‘वक्त्याची चूक,’’ सर मला म्हणाले. ‘‘सभा ओळखली नाहीं.’’

त्या दिवसापासून चार वर्षं सर मुलीशी इंग्रजीत बोलत होते. दर रविवारी सकाळी फोन. हाऊ आर यू, हाऊ इज गंधार, इज इट रेनिंग देअर. पाच मिनिटं, अत्यंत सभ्य. जिच्याशी बाळबोल बोलण्यापासून सगळं मराठीत झालं, तिच्याशी. वाणीनं सुरुवातीला मराठीत बोलून पाहिलं होतं म्हणे, पण हे इंग्रजीतच उत्तर देत, मग तीही इंग्रजीवर आली. मी विचारलं, ‘‘सर, असं का छळता स्वतःला आणि तिला?’’

‘‘छळ कसला? तिनें मागितलेली भाषा. देतों.’’

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. इतका शहाणा माणूस, जगाला समजावण्याच्या कला शिकवतो, आणि घरात असा अडून बसतो. पण हेही खरं, की मागून ओरडणाऱ्या माणसासारखी मीही घरी बसून नक्कल करत होते. तेव्हा मी कुठल्या तोंडानं रागावणार?

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सरांनी पोरांना पूर्वपक्ष लिहायला दिला. नियम एकच: ज्याच्याशी तुमचं भांडण आहे त्याची बाजू अशी लिहा की ती वाचून तो खाली सही करेल. पोरं आईबाप, हॉस्टेलचा वॉर्डन, जुना मित्र असं कुणी कुणी घेऊन लिहीत होती. एक मुलगी उठून म्हणाली, सर, तुम्हीपण लिहा. वर्ग हसला. सर म्हणाले, सरि. सरि म्हणजे बरं.

तीन आठवडे लागले त्यांना. शेवटी एक पानभर झालं, मराठीत, पण तमिळ लिपीत. त्यांच्या पिढीला देवनागरीत भराभर लिहिता येत नाही. मला लिपी येईना, म्हणून त्यांनी वाचून दाखवलं. वाणीची बाजू होती. ती सव्वीस वर्षांची होती, त्या घरात तिचा पहिला दिवस होता, आपल्या बापाला लोक हसताहेत हे तिनं पाहिलं. बापाची लाज वाटली असती तर ती खाली मान घालून बसली असती. ती उठून स्टेजवर आली. बाप जिथे कधीच चुकत नाही तिथे तिनं त्याला नेऊन उभं केलं. तिनं त्याला वाचवलं, आणि त्यानं चार वर्षं तिला शिक्षा दिली.

वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. ‘‘ती सही करील का गे?’’

‘‘करेल,’’ मी म्हटलं. ‘‘पाठवा तिला.’’

‘‘पाठवायचें नाहीं. समोर बसून वाचायचें. आपल्या भाषेंत.’’

परीक्षा संपल्यावर पुण्याला जाऊ, असं त्यांच्या मनात होतं. घाई तर कधीच नसायची. पण परीक्षेच्या आधीच जिना चढताना छातीत कळ आली. हृदयाची झडप निकामी झाली होती, ऑपरेशन करायला हवं, धोका बराच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गुरुवारी दाखल झाले, ऑपरेशन मंगळवारी. पुतण्या विजयेंद्र सगळी धावपळ करत होता. त्याला सरांनी बजावलं होतं, वाणीला तू काही कळवायचं नाही, मी कळवतो.

गुरुवारी दुपारी मी भेटायला गेले. सर उशाला टेकून बसले होते, ते पान घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. मला म्हणाले, ‘‘तुझ्या फोनवरून वाणीला लिही. देवनागरींत. माझ्या फोनांत नाहीं तें.’’

‘‘फोनच करा ना सर.’’

‘‘फोनवर हॅलो म्हटलें कीं इंग्लिश सुरू झालें. लिही.’’

‘‘हॉस्पिटलचं लिहू?’’

‘‘नको. आजार पुढें करून बोलावणें हा युक्तिवाद नव्हे, धाक आहे. ती भिऊन यायला नको.’’ मग त्यांनी डोळे मिटून, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, ‘‘वाणी, तुझ्याशीं बोलायचें आहे. अवसर आहे. येऊन जा. अप्पा.’’ आणि डोळे उघडून म्हणाले, ‘‘एवढेंच पुरे. बाकी तिला कळेल.’’

तेवढ्यात नर्स व्हीलचेअर घेऊन आली, कुठल्याशा तपासणीला न्यायला. जाता जाता सरांनी मला हात दाखवला, लिही असा.

मी खोलीत एकटी राहिले. अवसर आहे. माझ्या वडिलांच्या मराठीत अवसर म्हणजे संधी, सवड, मोकळा वेळ. आता रजेवर आहेत, वेळ आहे, भेटून जा असं म्हणताहेत, असं मी धरलं. मुलीला भिववायचं नाही हे तर त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. आणि हा मेसेज पुण्यात वाचला जाणार होता. गंधार वाचेल, सासू वाचेल. पुन्हा कुणी हसायला नको. मी मनापासून, अगदी प्रेमानं लिहिलं: ‘मी ऋजुता, तुमच्या वडिलांची सहकारी. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते. प्रिय वाणी, तुझ्याशी निवांत बोलायचं आहे. सध्या मला सवड आहे. तुझ्या सोयीनं कधीही येऊन जा. अप्पा.’

त्यांच्याच शब्दांत, असं लिहिलं मी. एकदा वाचून पाहिलं, ‘सोयीनं’वरचा अनुस्वार तपासला आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी उत्तर आलं: ‘ठीक आहे अप्पा. इथे ऑफिसात फार गडबड आहे. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेच्या सुमारास येते. तब्येतीला जपा.’

शुक्रवारी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी हॉस्पिटलात गेले. सर दाढी करून, केस विंचरून बसले होते. मला पाहताच म्हणाले, ‘‘आलें का उत्तर?’’ मी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. मला वाटत होतं, चांगलंच झालं, ऑपरेशन होऊन घरी येतील, तोवर ती येईल.

सर खिडकीकडे पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, ‘‘व्हेरी गुड. प्लीज थँक हर.’’

मग मला कॉलेजची कामं सांगितली, कुणाच्या वह्या द्यायच्या, कुणाला चार दिवस वाढवून द्यायचे. तेही सगळं इंग्रजीत. मला वाटलं, नर्स आत-बाहेर करते आहे म्हणून. तीन वर्षांत ते माझ्याशी एकदाही इंग्रजीत बोलले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी प्रकृती बिघडली. विजयेंद्रानं शेवटी न राहवून वाणीला फोन केला. बुधवारी सकाळी मी धावत हॉस्पिटलला गेले. सरांना खालच्या मजल्यावर हलवल्याचं कळलं. कुठे ते सापडेना, म्हणून दारावरच्या वॉचमनला मोडक्या तमिळमध्ये विचारलं. तो हात करून म्हणाला, ‘‘अवसर सिगिच्चै पक्कत्तिले.’’ सिगिच्चै म्हणजे चिकित्सा, पक्कत्तिले म्हणजे शेजारी, एवढं मला कळलं.

मी जागच्या जागी थांबले. त्याला विचारलं, ‘‘अवसर म्हणजे?’’

त्याला माझी कीव आली असावी. त्यानं दारावरच्या मोठ्या तमिळ पाटीकडे बोट केलं, जिच्याखालून मी गुरुवारपासून ये-जा करत होते. ‘‘अवसरम् मॅडम. अर्जंट. एमर्जन्सी.’’

इतकी वर्षं मी चेन्नईत हा शब्द ऐकत होते. रिक्षावाले म्हणतात, दुकानदार म्हणतात, पोरं सही घ्यायला येताना म्हणतात, कोंजम् अवसरम् मॅम. कानावरून जात होता. माझ्या मराठीतला शब्द आहे असं दिसलं, म्हणून आत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. अवसर आहे. तातडी आहे, ये. आयुष्यभर ज्यानं बस धावत पकडली नाही त्या माणसानं एकदा ‘लवकर’ म्हटलं, आणि मी ते ‘सवडीनं’ केलं. आणि मग मुलीचं उत्तर त्याला वाचून दाखवलं: पुढच्या महिन्यात. मी तिथल्या पायरीवर बसून रडले. लोक बाजूनं जात होते, हॉस्पिटलात रडणाऱ्या बाईचं कुणाला काय.

वाणी दुपारी पोचली. सर शुद्धीवर नव्हते. ती त्यांच्याशी मराठीत बोलत राहिली, गुरुवारी पहाटेपर्यंत. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

दहा दिवसांनी वाणीनं मला सरांच्या मांबलमच्या घरी बोलावलं. म्हणाली, अप्पांच्या वह्यांचं काय करायचं ते विचारायचं आहे. मी गेले. सर्व सांगायचं असं ठरवून गेले होते, आणि दाराशी पोचेपर्यंत सगळा धीर गळाला होता.

वाणी वडिलांसारखीच बारीक चणीची. बाहेरच्या खोलीत वह्यांच्या चळतींमध्ये बसली होती. तिनं मला पाणी दिलं आणि एक पान पुढे केलं. हॉस्पिटलच्या पिशवीत, शर्टाच्या खिशात तिला सापडलं होतं.

‘‘तुम्हाला माहीत होतं हे?’’ तिनं विचारलं. पुण्याची होऊन गेलेली स्वच्छ मराठी.

‘‘हो. त्यांनी वाचून दाखवलं होतं. तुमच्यासमोर बसून वाचायचं होतं त्यांना.’’

‘‘मग मला कळत नाही.’’ तिनं पान मांडीवर ठेवलं. ‘‘इतकं सगळं लिहिलं होतं, ऑपरेशन पाच दिवसांवर होतं, आणि मला लिहितात तुझ्या सोयीनं ये? प्रिय वाणी? अप्पांनी मला जन्मात प्रिय म्हटलं नाही. मी तो मेसेज दहा वेळा वाचला. माझ्या सासऱ्यांनी लिहावं तसा होता. मला वाटलं, आधी इंग्लिश होतं, आता ही पुण्याची मराठी लावली मला. अजून तेवढेच लांब आहेत. म्हणून मीपण तसंच लिहिलं, पुढच्या महिन्यात येते म्हणून. रागानंच लिहिलं.’’

‘‘तो त्यांनी लिहिलेला नव्हता,’’ मी म्हटलं. ‘‘मी लिहिला.’’

मग मी सगळं सांगितलं. व्हीलचेअर, घाई, माझी हुशारी, वॉचमन. स्वतःची बाजू मांडायची नाही असं ठरवलं होतं, तरी मध्येच म्हटलं की कुणी त्यांना हसू नये म्हणून मी केलं. वाणी माझ्याकडे पाहत होती. तिनं मला थांबवलं नाही.

‘‘त्यांनी सांगितलेलं काय होतं? नेमकं?’’

मी सांगितलं. ‘‘वाणी, तुझ्याशी बोलायचं आहे. अवसर आहे. येऊन जा. अप्पा.’’

वाणीनं तोंडावर पदर दाबला. मग म्हणाली, आणि आता तिच्या मराठीतून पुणं गळून पडलं होतं, ‘‘आईचें अखेरचें दुखणें झालें तेव्हां मी हॉस्टेलांत होतें. अप्पांनीं फोन केला. अवसर आहे, येऊन जा. एवढेंच म्हणाले. मी त्याच बसनें निघालें. आई बोलली माझ्याशीं. त्यानंतर कधी तो शब्द नाहीं काढला अप्पांनीं.’’

मी तिच्या पायाशी बसले होते. क्षमा मागायलाही मला शब्द सापडत नव्हता, आणि सापडला असता तरी तो माझा, तपासून घेतलेला, शुद्धच असता.

तिनं डोळे पुसले. ‘‘माझें उत्तर वाचून दाखवलें तुम्ही त्यांना?’’

‘‘हो. शुक्रवारी सकाळी.’’

‘‘काय म्हणाले?’’

इथे मला खोटं बोलता आलं असतं. हसले, सरि म्हणाले, असं सांगितलं असतं तर तिला तपासायला कुणीही उरलं नव्हतं. तिच्यासाठी ते बरं झालं असतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. पण त्या माणसाच्या तोंडचे शब्द मी एकदा बदललेले होते.

‘‘व्हेरी गुड, म्हणाले. प्लीज थँक हर.’’

‘‘इंग्लिशमध्यें?’’

‘‘हो. त्यानंतर सगळं इंग्लिशमध्येच बोलले.’’

वाणीनं ते पान घडी घालून वहीत ठेवलं, उठली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. मी चपला घालत असताना म्हणाली, ‘‘थँक यू फॉर टेलिंग मी. इट मस्ट हॅव बीन डिफिकल्ट.’’ आवाज अगदी सभ्य होता.

याला आता सहा महिने झाले. वह्या एका ग्रंथालयाला द्यायच्या आहेत, त्याबद्दल तिचे मेसेज येतात. सगळे इंग्रजीत असतात. मी एकदा मराठीत लिहून पाहिलं. तिचं उत्तर इंग्रजीत आलं, मग मीही इंग्रजीच लिहू लागले.